खोकल्यासकट

“बूट काढा,” खांबेटे म्हणाले.

कासा मरीना क्लबचे वेटर एकमेकांकडे बघायला लागले. पांढरे कोट, गळ्याला काळे बो, कडक इस्त्रीच्या विजारी, आणि रविवारी सकाळी एक अनोळखी गृहस्थ येऊन त्यांना अनवाणी व्हायला सांगत होता.

“खाली लाकडाची फरशी आहे. तुमची टॉकटॉक टेपवर येणार,” खांबेटेंनी समजावून सांगितलं. “आणि मोजेपण काढा, नाहीतर घसरून पडाल. तो आवाज आणखी मोठा.”

वेटरांनी निमूटपणे बूट काढून भिंतीशी लावून ठेवले. तोवर खांबेटेंनी बाकीच्या क्लबचीही तोंडं बंद केली होती. फ्रीज गुरगुरतो म्हणून फ्रीज बंद. गल्ल्याचं मशीन खणकन वाजतं म्हणून त्याच्यावर दुहेरी टॉवेल. ग्लासात बर्फ किणकिणतो म्हणून बर्फ नाही. बटाट्याचे वेफर्स नाहीत, टोस्ट नाही, कुरकुरीत असं काहीच नाही. फक्त काकडीची सँडविचं, तीसुद्धा कडा कापलेली. मॅनेजर बिचारा फ्रीजमधल्या कॅरमल कस्टर्डची काळजी करत कपाळाला हात लावून बसला होता.

मागच्या बोळाकडची खिडकी खांबेटेंनी स्वतः लावून घेतली, आणि शेवटी वर बोट दाखवून म्हणाले, “पंखे.”

“पंखे काय?” मी विचारलं.

“बंद.”

मे महिना होता. चर्चगेटच्या मागच्या गल्लीतला तो तळमजल्यावरचा हॉल, दोनच खिडक्या, आणि जमणार होते शंभरेक लोक. मी म्हटलं, “खांबेटे, माणसं मरतील.”

“कुंदाताई, पंखा घूंघूं करतो. रेकॉर्ड काय रोज निघते का?”

रेकॉर्ड रोज निघत नव्हती हे खरंच होतं.

या गोष्टीला आता पन्नास वर्षं होऊन गेली. मी तेव्हा शिवाजी पार्कला आईवडिलांकडे राहत होते, शाळेत मुलांना संगीत शिकवत होते आणि रविवारी सकाळी कासा मरीनामध्ये जॅझ वाजवणाऱ्या चौघांत पियानोवर बसत होते. आई शेजाऱ्यांना सांगायची, कुंदा इंग्रजी भजनं वाजवायला जाते. मी तिची चूक कधी सुधारली नाही. दर रविवारी नाश्त्यानंतर आमचा कार्यक्रम सुरू व्हायचा आणि जेवणाच्या वेळेला संपायचा. लोक बिअर पीत, गप्पा मारत, मध्येच कुणी ओरडत, आणि त्या सगळ्या गोंधळातच आम्ही वाजवत असू.

आमचे म्होरके होते बाझिल मिनेझिस. मी त्यांना अंकल म्हणायचे. सॅक्सोफोन वाजवायचे. मूळचे गोव्याचे, राहायला गिरगावात, केस पांढरे झालेले, आवाज इतका हळू की रस्त्यात त्यांच्याशी बोलायचं तर कान पुढे करावा लागे. आठवडाभर ते सिनेमाच्या गाण्यांत वाजवत. मोठमोठे वाद्यवृंद असायचे तेव्हा. समोर लिहिलेले सूर ठेवले जात, रेकॉर्डिस्टने बोट वर केलं की सुरू करायचं, शेवटचा सूर संपला की श्वास धरून पुतळ्यासारखं बसायचं, आणि आतून ‘ओके’ आलं की मग नाक खाजवायचं. अशी हजारो गाणी त्यांनी वाजवली. पण रेकॉर्डवर नाव गाणाऱ्याचं आणि संगीतकाराचं. बाझिल मिनेझिस हे नाव जगातल्या एकाही रेकॉर्डवर नव्हतं.

जॅझचं तसं नाही. चाल ठरलेली असते, पण ती एकदा वाजवून झाली की जो तो आपल्या मनचं बोलतो. आपल्याकडे गवई बंदिश मांडून मग आलापात शिरतो ना, साधारण तसंच. अंकल रविवारी तेवढं आपल्या मनचं बोलत.

त्या वर्षी मेघना नावाच्या एका लहानशा रेकॉर्ड कंपनीने तयारी दाखवली. स्टुडिओ परवडणार नाही, पण एका रविवारी क्लबातच लोकांसमोर वाजवा, चांगलं झालं तर रेकॉर्ड काढू, नाही झालं तर राहिलं. दुसरा रविवार मागायची सोय नव्हती, कारण पावसाळ्याआधी अंकल गिरगावातली खोली सोडून कायमचे गोव्याला चालले होते. ट्रंका बांधून झाल्या होत्या. कंपनीने ध्वनिमुद्रणाला पाठवले ते हे शरद खांबेटे, सिनेमाच्या स्टुडिओतले नावाजलेले रेकॉर्डिस्ट. अंकलनी त्यांच्या हाताखाली कित्येक वर्षं वाजवलेलं. माणूस सरळ आणि कामाला पक्का. एकच खोड, आवाज स्वच्छ पाहिजे म्हणजे पाहिजे. लोकांसमोर केलेल्या रेकॉर्डमध्ये लोक असतात, हे काही त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आमच्याही नव्हतं. आम्ही सगळे, मीसुद्धा शाळेच्या सुट्ट्यांत, त्यांच्याच स्टुडिओत वाजवत वाढलेले. त्यांनी पंखे बंद म्हटलं, आम्ही मान हलवली.

लोक यायला लागले तेव्हा अंकल दारातच उभे होते. इतके नटलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मला वाटलं, कंपनीचे साहेब येणार असतील. पण आल्या त्या फिलोमिना आंटी, त्यांच्या पत्नी. फुलाफुलांचा फ्रॉक, गळ्यात मोत्यांची माळ, हातात पर्स घट्ट धरलेली. चर्चमधून परस्पर आल्या होत्या. इतक्या वर्षांत त्या एकदाही क्लबात आल्या नव्हत्या. रविवारी चर्चमध्ये मिस्सा, मग मासळीबाजार, मग स्वयंपाक, हा त्यांचा क्रम कधी मोडला नव्हता. अंकलनी स्वतः खुर्ची उचलून पहिल्या रांगेत, आमच्या अगदी समोर आणून ठेवली.

“इथे बस. इथून नीट ऐकू येते,” अंकल म्हणाले.

“बसते रे. तू जा, तुझं बघ,” आंटी म्हणाल्या आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या.

मग खांबेटे माइकपाशी आले आणि त्यांनी लोकांना इंग्रजीत छोटंसं भाषण दिलं. बोलू नये, खुर्ची सरकवू नये, शिंकू नये. टाचणी पडली तरी रेकॉर्डवर येईल. टाळ्या वाजवायला हरकत नाही, पण शेवटचा सूर पूर्ण विरल्यावर आणि त्यांनी हिरवा दिवा लावल्यावर. आमच्या क्लबात एक दुबाशबाई नावाच्या पारशी बाई नेमाने येत आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलत. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, आणि त्या बोटाआडून नुसते डोळे फिरवत बसल्या.

खांबेटे मागच्या पँट्रीत टेपच्या मशीनपाशी गेले. पँट्रीच्या दारात बोट वर झालं. आम्ही सुरू केलं.

काय सांगू? चूक म्हणून एकही झाली नाही. केरसी, आमचा ड्रमवाला, एरवी इतका बडवायचा की पुढच्या टेबलावरचे चमचे हलत. तो त्या दिवशी लग्नघरातल्या पाहुण्यासारखा जपून वाजवत होता. टोनी बासवर होता, तो तसाही बोलका नव्हता. माझी बोटं घामाने पट्ट्यांवरून घसरत होती आणि मी नुसते सूर मोजत होते. अंकलनी चाल वाजवली, मग आपल्या मनचं बोलायची पाळी आली आणि त्यांनी व्यवस्थित, सुरेल, कुणालाही आवडेल असं काहीतरी वाजवलं. शेवटचा सूर संपला आणि आम्ही चौघेही, कुणी न सांगता, श्वास धरून पुतळ्यासारखे बसलो. समोर शंभर माणसं घामाने निथळत तशीच बसलेली. हिरवा दिवा लागला. मग टाळ्या आल्या, शाळेच्या बक्षीस समारंभात येतात तशा, एकदम आणि एकसारख्या.

दुसरं तसंच. तिसऱ्याला अंकलची स्वतःची संथ चाल होती. तिला त्यांनी नाव ठेवलेलं नव्हतं, आम्ही तिला ‘संथ वाली’ म्हणायचो. ती माझी फार आवडती. सुरुवातीचे सूर वाजवून मी वर पाहिलं तर पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी होती.

अंकलनीही पाहिलं. त्यांनी वाजवणं थांबवलं नाही, ते कसले थांबतायत. पण सबंध चाल त्यांनी त्या खुर्चीकडे बघत, लिहून दिल्यासारखी वाजवली आणि आपल्या मनचं बोलायच्या जागी चालच पुन्हा एकदा वाजवून टाकली. हिरवा दिवा लागला तेव्हा त्यांनी लोकांकडे न बघता मान लववली.

मध्यंतर झालं. खांबेटे पँट्रीतून बाहेर आले ते हसतच.

“काय आवाज आलाय! क्लब आहे असं वाटतच नाही,” ते म्हणाले. “बाझिलसाहेब, स्टुडिओत येणार नाही इतकं स्वच्छ.”

“हो,” अंकल म्हणाले. “स्टुडिओच वाटते.”

खांबेटेंना ती स्तुती वाटली. ते पुन्हा आत गेले. अंकल पियानोपाशी आले आणि सॅक्सोफोनचं तोंड काढून पुसायला लागले. पेटीत ठेवायच्या आधी पुसतात तसं.

“अंकल, अजून अर्धं बाकी आहे,” मी म्हटलं.

“नको, बाय. पुरे झालं.”

“पुरे म्हणजे?”

“म्हणजे रेकॉर्ड नको. तू ऐकलं ना? ते मी नाही. सगळा जन्म तेच वाजवलं, आता त्याच्यावर माझं नाव घालायचं?” ते रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. “फिलोमिनाला पण कळलं. उठून गेली. तिचा काय दोष? मला उठता आलं असतं तर मी पण गेलो असतो.”

“अरे बाझिल, असं काय करते?” केरसी घाम पुसत म्हणाला. “मी तर इथे बसून बसून उकडेला बटाटा झाला. अर्धा सोडायचा होता तर सकाळीच सांगायचा ने!”

अंकल नुसते हसले. पण पेटी उघडलीच.

मला इतका राग आला होता की कुणाचा ते कळेना. थोडा खांबेटेंचा, थोडा त्या उकाड्याचा, आणि बराचसा फिलोमिना आंटींचा. इतक्या वर्षांत एकदा आल्या आणि तिसऱ्या चालीला उठून गेल्या! निदान त्यांना गाठून विचारावं म्हणून मी निघाले. दारात त्या नव्हत्या. रस्त्यावर नव्हत्या. पानवाल्याने कुणी बाई बाहेर पडलेली पाहिली नव्हती. मग मला बाजूचं दार आठवलं आणि मी मागच्या बोळात गेले.

तिथे सोड्याच्या बाटल्यांच्या उपड्या खोक्यावर आंटी बसल्या होत्या. चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी, आणि तोंडात रुमालाचा बोळा कोंबलेला. मला बघून त्यांनी हाताने जा, जा अशी खूण केली, आणि तेवढ्यात त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की मी धावत जाऊन त्यांची पाठ चोळायला लागले.

“काय झालं, आंटी?”

“काय नाय, बाय. दमा. जुना आहे. आत पंखा नाय ना, मग असं होते.” त्या धापा टाकत होत्या. “तू इथे कशाला आली? जा, तुझी वेळ होईल.”

“अहो, मग सांगायचं ना आम्हाला!”

“कोणाला सांगू? तो तुमचा माणूस म्हणाला, टाचणी पडली तरी रेकॉर्डवर येणार. टाचणी! माझा खोकला तू ऐकला आता? आमच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर ऐकू जाते. बाझिलची एकच रेकॉर्ड, आणि त्यात ही म्हातारी खोकणार? नको गो बाय.”

“अंकलना वाटलं, तुम्हाला आवडलं नाही म्हणून उठलात.”

“असं म्हणाला?” त्यांनी रुमाल खाली घेतला. “खुळा आहे. सांग त्याला, मी इथून ऐकलं सगळं. बरं वाजवलं म्हणून सांग. फस्ट क्लास वाजवलं.”

मी त्यांच्या डोक्यावरच्या खिडकीकडे पाहिलं. ती खांबेटेंनी सकाळी लावून घेतलेली, जाड काचेची. बोळात मला आतलं अक्षरही ऐकू येत नव्हतं, कुणाचं बोलणं नाही, काही नाही. मी तशीच आत जाऊन अंकलना घेऊन आले.

अंकल आले आणि आंटींच्या पुढे गुडघ्यावर बसले. दोघं कोकणीत बोलत होती, इतकं हळू की मला थोडंच कळलं. आंटी नको नको म्हणत होत्या. अंकल पुनःपुन्हा एकच विचारत होते, ‘आणि मी कुणासाठी वाजवतो?’ मग त्यांनी आंटींना हाताला धरून उठवलं आणि पुढच्या दाराने नव्हे, पँट्रीतूनच, खांबेटेंच्या मशीनसमोरून आत आणलं.

“खांबेटे,” ते म्हणाले, “पंखे लाव.”

“आता? मध्येच? अहो बाझिलसाहेब, अर्धी रेकॉर्ड पंख्याशिवाय आणि अर्धी पंख्यासकट? लोक माझ्या तोंडात शेण घालतील.”

“घालू दे. पंखे लाव. बर्फ दे सगळ्यांना. त्या पोरांना बूट घालायला सांग, अनवाणी पाय दुखतात त्यांचे.”

“आणि या खोकल्या तर?” खांबेटेंनी आंटींकडे पाहिलं आणि लगेच ओशाळून म्हणाले, “म्हणजे वाईट वाटून घेऊ नका, वहिनी.”

“खरं बोलतोस तू,” आंटी म्हणाल्या. “मी तेच सांगते याला.”

अंकलचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. “खांबेटे, आजपर्यंत तू बोट वर केलं, मी वाजवलं. तू बोट खाली केलं, मी थांबलो. कधी एक शब्द बोललो? आज एकच तास तू माझं ऐक. नाहीतर मी ही पेटी घेऊन घरी जातो, आणि तू तुझी स्वच्छ टेप घेऊन जा.”

खांबेटेंनी एकदा मशीनवरच्या रिळाकडे पाहिलं. मग हेडफोन गळ्यात अडकवून स्वतःच भिंतीपाशी गेले आणि पटापट बटणं दाबली. “लावले. मग मला विचारायला येऊ नका.”

पंखे फिरायला लागले तेव्हा लोकांनी ज्या टाळ्या वाजवल्या, तशा तोवर आम्हाला मिळाल्या नव्हत्या. बर्फ आला. वेटर बूट घालून टॉकटॉक करत फिरायला लागले. दुबाशबाईंनी अर्ध्या कार्यक्रमाचं साठलेलं बोलणं एकदम सुरू केलं. मॅनेजरने लगोलग फ्रीजही लावला. आणि अंकल आमच्याकडे वळून म्हणाले, “संथ वाली. परत.”

आम्ही सुरू केलं आणि दोन ओळींतच मला कळलं की आता गंमत आहे. केरसीने एकदा पाठीमागून असा ठोका दिला की मी दचकले आणि चुकले, आणि ती चूक मला इतकी आवडली की मी ती पुन्हा केली. टोनी चक्क हसला. अंकल आंटींपासून हातभर अंतरावर उभे राहून वाजवत होते. बोलतात तसंच वाजवत होते, हळू, कान पुढे करावा लागेल असं. चाल संपली, त्यांची आपल्या मनचं बोलायची पाळी आली, ते जरा वर चढले, आणि नेमका तेव्हा आंटींना खोकला आला.

त्यांनी रुमाल तोंडाला लावला, पण तो काय ऐकतोय! खोकला मोठाच आला. अंकल थांबले. रागाने नाही, कुणी आपल्याशी बोलायला लागलं की आपण थांबतो तसे थांबले. आम्ही तिघं वाजवत राहिलो. आंटींचं खोकून झालं, त्यांनी अंकलकडे अपराध्यासारखं पाहिलं, आणि अंकलनी पुन्हा सुरू केलं. जिथे सोडलं होतं तिथून नाही. खाली, अगदी खालच्या सुरांत, दुसरंच काहीतरी, आम्ही कुणी कधी न ऐकलेलं. आधी जिथे चढत होते ते सगळं त्यांनी सोडूनच दिलं. मग आणखी एकदा खोकला आला. पुन्हा ते थांबले, पुन्हा वेगळीकडून बोलले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मला ते पुसायला हात मोकळा नव्हता. इतका आनंद मला वाजवताना त्याआधी कधी झाला नव्हता, हे मी आज स्पष्टच सांगते.

शेवटचा सूर संपला. आम्ही सवयीने श्वास धरला. पण लोक थांबले नाहीत, हिरव्या दिव्याची वाट कुणी बघितली नाही. दुबाशबाई तर उभ्याच राहिल्या.

पुढच्या आठवड्यात खांबेटेंनी मला शाळेत फोन केला. अंकलना आणि वहिनींना घेऊन स्टुडिओत या म्हणाले, दुपारच्या वेळी खोली मोकळी असते. आम्ही तिघं गेलो. आंटी पुन्हा तोच फुलाफुलांचा फ्रॉक घालून आल्या होत्या.

खांबेटेंच्या चेहऱ्यावरून ते रात्रभर झोपले नसावेत असं दिसत होतं. समोर टेबलावर दोन रिळं, चिकटपट्टी आणि टेप कापायचं ब्लेड. “बाकीच्या चालींचं मी जमवतो,” ते म्हणाले. “पंख्याचा आवाज मला वाटला होता तेवढा वाईट नाही. प्रश्न या संथ चालीचा आहे. पहिली स्वच्छ आहे. दुसऱ्यात वहिनी आहेत. मी टेपच्या नकलेवर खोकला कापून पाहिला. खोकला कापला की बाझिलसाहेब थांबतात ते जातं, आणि पुढचं सगळं अधांतरी वाटतं. म्हणजे दुसरं घ्यायचं तर आहे तसं घ्यायला लागेल. कंपनीने निवड माझ्यावर सोडलीय. आणि खरं सांगतो, रेकॉर्डवर खोकणारी बाई मी आजवर पाठवलेली नाही.”

“तू पाठवणार ते पाठव,” अंकल म्हणाले. ते दमलेले वाटत होते. “मी बोलायचं ते तिथे बोललो.”

“पहिलंच पाठव,” आंटी लगेच म्हणाल्या. “त्याच्यात काय विचारायचं? लोक पैसे देऊन खोकला कशाला घेतील?”

“एकदा ऐकून तरी घ्या,” मी म्हटलं.

खांबेटेंनी पहिलं लावलं. आंटी मान हलवत ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “बरं आहे. सिनेमातल्यासारखं आहे.”

मग दुसरं लावलं. पंख्याची घरघर, ग्लास, लांबून दुबाशबाई. अंकलची चाल. मग ते चढायला लागले आणि आंटींचा खोकला आला, त्या छोट्या खोलीत केवढातरी मोठा. आंटींनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं, उठून जातात की काय. सॅक्सोफोन थांबला, आणि मग खालून सुरू झाला. आंटींचे हात हळूहळू खाली आले. दुसरा खोकला आला तेव्हा त्यांनी तोंड झाकलं नाही. त्या वाकून बसल्या होत्या आणि डोळे स्पीकरच्या भोंग्यावर लावलेले, कुणी आतून बोलतंय असं.

टेप संपली. रिळाचं टोक फटफट करत फिरत राहिलं. खांबेटेंनी ते थांबवलं.

“हा तू,” आंटी अंकलना म्हणाल्या.

“मग कोण असणार?”

“तसं नाही रे. हा तू. मला ऐकू आला.”

अंकलना कळेना. मलाही.

“बाझिल, रागवू नको,” आंटी म्हणाल्या. त्या आता आमच्याकडे बघतच नव्हत्या. “तू घरी रेडिओपाशी बोट लावून सांगायचा, हा बघ, हा मी, आता मी वाजवतो. मी म्हणायची, हो, ऐकलं, बरं वाजवलं. मला कधी ऐकू नाही आला तू. एकदा पण नाही. तिथे ती बाई गाते, पन्नास व्हायोलिनं, ढोल, कोण कोण. त्यात तू कुठला, मला काय कळणार? तू इतका खूश असायचा. मी आपली हो म्हणायची.”

खांबेटेंनी ब्लेड उचललं होतं, ते हातातच राहिलं. अंकलनी चष्मा काढला, पुसला आणि न घालताच बसून राहिले. इतकी वर्षं ज्या एका व्यक्तीने आपल्याला ऐकलं असं ते धरून चालले होते, तिनेही ऐकलं नव्हतं. मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं.

“मग तू आवाज का वाढवायची?” त्यांनी शेवटी विचारलं. “माझं गाणं लागलं की स्वयंपाकघरातून धावत यायची, हात पिठाचे, आणि रेडिओचा आवाज वाढवायची. खालचे लोक भांडायला यायचे.”

“शोधायची,” आंटी म्हणाल्या. “कधीतरी सापडशील म्हणून.”

अंकलनी आंटींचा हात घेतला आणि तो मांडीवर ठेवून घेतला. खांबेटेंनी नाक ओढलं, ब्लेड डबीत टाकून डबीचं झाकण लावलं आणि पहिलं रीळ उचलून कपाटात ठेवून दिलं.

“कंपनीला काय सांगायचं ते मी सांगतो,” ते म्हणाले.

“अरे, पण खोकला!” आंटी घाबरल्या.

“राहू द्या, वहिनी.”

आंटींनी एकदा त्यांच्याकडे, एकदा मशीनकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढून, पर्स मांडीवर घेऊन त्या सरसावून बसल्या.

“परत लाव तर,” त्या म्हणाल्या. “आता मी खोकणार नाही.”